जुन्या एमजीबीचा स्टिअरिंग रॅक : नवा घ्यावा, एक्स्चेंज करावा की आपलाच नव्याने करून घ्यावा?

कॉव्हेंट्रीकर
मंडळी, माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, आहे. क्रोम बंपरवाली, रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी दात्यांची यंत्रणा) मूळचाच. गेल्या उन्हाळ्यापासून दोन तक्रारी आहेत. स्टिअरिंग सरळ धरलं की मधोमध थोडा प्ले (ढिलेपणा) लागतो, त्यामुळे ताशी ५० मैलांच्या पुढे गाडी सतत सांभाळावी लागते. आणि पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना मात्र दंड भरून येतात.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. बाजारात मिळणारा नवा नकली रॅक घ्यायचा. किंवा जुना देऊन एक्स्चेंजमध्ये 'रिकंडिशन' केलेला आणायचा. नाहीतर आपलाच रॅक कुणाकडे तरी देऊन नव्याने करून घ्यायचा. क्लबातल्या एका मित्राला एक्स्चेंजचा अनुभव वाईट आला. काळा रंग चकचकीत, रबर बूट नवे कोरे, आणि बसवल्यावर प्ले होता तेवढाच. बदल्यात त्याचा मूळ रॅक गेला तो गेलाच.

इथे वाहन उद्योगातले, वर्कशॉपमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. तुम्ही काय केलं असतं?

खोडसाळ
एमजी ना? हेक्टरवाली? वॉरंटीत जाऊन या की.

कॉव्हेंट्रीकर
@खोडसाळ, नाव तेवढं तेच. हेक्टर हालोलला बनते. माझी ॲबिंग्डनची, आणि तो कारखाना १९८० सालीच बंद झाला. वॉरंटी काउंटरवर आता कोण बसलं असेल?

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर वाचेन.

उद्यमनगरी
मी कोल्हापूरचा, गिअर आणि शाफ्टच्या जॉबवर्कमध्ये आयुष्य गेलं. एमजीबी एकदाच हाताखालून गेली आहे, पण रॅक आणि पिनियनचं गणित सगळीकडे सारखंच : पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक, ते दातांची पट्टी डावी-उजवी सरकवतं.

माणूस नव्वद टक्के वेळ गाडी सरळ चालवतो. म्हणजे रॅकच्या पट्टीवरचे मधले चार-पाच दात झिजतात आणि टोकाचे जवळपास नवे राहतात. मधला प्ले घालवायला मेकॅनिक काय करतो? डॅम्परखालच्या (पट्टीला पिनियनवर टेकवून ठेवणाऱ्या भागाखालच्या) शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून पट्टी पिनियनवर दाबतो. मध्ये बरं वाटतं. पण टोकाकडे दात जाड असल्यामुळे तिथे रॅक आवळला जातो. वळण घेतल्यावर चाक आपणहून सरळ यायला हवं, ते येत नाही. मग चालवणारा सारखा दुरुस्त करत बसतो आणि म्हणतो गाडी भरकटते.

तुम्ही जे 'मध्ये सैल, टोकाला जड' म्हणताय ते ऐकून माझा पहिला संशय हाच, की आधीच्या कुणी मालकाने शिम काढलेल्या आहेत.

तपासायला सोपं आहे. रॅक टेबलावर घ्या, टाय रॉड (रॅकला चाकांशी जोडणारे दांडे) सोडवा. पट्टी बरोबर मध्यावर ठेवून डॅम्पर सेट करा. मग पिनियनला एक छोटा लिव्हर लावून स्प्रिंग काट्याने ओढत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. काट्यावरचा आकडा टोकाकडे चढत गेला तर पट्टी झिजलेली, विषय संपला. अशा पट्टीला सील, बूट, बुश काहीही नवं घातलंत तरी उपयोग नाही.

म्हणून रिबिल्डरला एकच प्रश्न विचारा : पट्टी आणि पिनियन जोडीने नवी घालणार का? 'हो' म्हणाला तर हाउसिंग (रॅकचं बाहेरचं कवच) तुमचंच राहू द्या आणि काम करून घ्या. 'बघतो, गरज वाटली तर' म्हणाला तर रॅक काखेत मारून परत या.

हिशेबी_रेडिंग
उद्यमनगरींचा प्रतिसाद उत्तम, पण व्यवहार बघा. एमजीबी पाच लाखांवर बनल्या. इंग्लंडमध्ये तिचे पार्ट मिळतात तेवढे दहा वर्षं जुन्या साध्या गाडीचेही मिळत नाहीत. अहो, अख्खी बॉडीशेल १९८८ पासून नव्याने बनते आहे. रॅकसाठी एवढा जीव का काढायचा? नवा घ्या, रविवारी बसवा, सोमवारी विसरा.

कॉव्हेंट्रीकर
@हिशेबी_रेडिंग, मलाही आधी तेच वाटलं होतं. पण नकली रॅकविषयी ऐकू येतं ते दोन प्रकारचं. काहींचे उत्तम निघाले. काहींना पिनियनचा खाचांचा भाग कॉलमच्या जॉइंटमध्ये नीट बसेना, काहींचे बूट लवकरच चिरले. खोक्यावरून कळत नाही की आत कुठला माल आहे.

हिशेबी_रेडिंग
मग परत करा. ग्राहक कायदा इथे चांगला आहे.

लीड्सची_काकू
परत करताना रॅक काढायचा कुणी, ग्राहक कायदा येऊन काढणार का? आमच्या ह्यांनी ट्रायम्फ स्पिटफायर गाडीचा काढला तेव्हा ड्राइव्हवेवरचे तेलाचे डाग अजून आहेत तिथेच.

मिशिगनी
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. माझ्याकडे १९७५ ची कॉर्व्हेट आहे. हिच्यात रॅक नाही, सॅगिनॉचा स्टिअरिंग बॉक्स आहे, आणि पॉवर स्टिअरिंग जोडलंय ते बाहेरून. लिंकेजवर (बॉक्स आणि चाकांमधल्या दांड्यांवर) एक कंट्रोल व्हाल्व्ह आणि चेसिसला बांधलेला एक हायड्रॉलिक सिलिंडर. १९६३ पासून १९८२ पर्यंत ढोबळ रचना हीच, आणि गळती ही जवळपास प्रत्येकाची कहाणी. इकडे हे व्हाल्व्ह-सिलिंडर नव्याने करून देणारे बरेच आहेत. जुना पार्ट परत करेपर्यंत अनामत रक्कम अडकवून ठेवतात, म्हणजे जुनं लोखंड त्यांनाही हवंच असतं.

पण सावध राहा. व्हाल्व्ह नवा करून बसवला की तो बॅलन्स करावा लागतो. तसं न करता इंजिन चालू केलं तर स्टिअरिंगला हात न लावता चाकं स्वतःहून एका बाजूला पूर्ण फिरतात. गंमत नाही. कुणाचा हात चाकाच्या स्पोकमध्ये असेल तर मोडेल. पद्धत अशी : गाडी पुढून उचलायची, सिलिंडरचा दांडा चेसिसच्या ब्रॅकेटवरून सोडायचा, मग इंजिन चालू करायचं. दांडा आत किंवा बाहेर सरकत असेल तर व्हाल्व्हवरचा नट थोडा थोडा फिरवायचा. दांडा जागच्या जागी थांबला की झालं.

रिबिल्ड करणाऱ्याने व्हाल्व्ह उत्तम केला असेल, तरी हे शेवटचं काम गाडीवरच होतं.

खोडसाळ
म्हणजे सेल्फ ड्रायव्हिंग गाडी १९६३ पासूनच होती तर.

मिशिगनी
हो, फक्त कुठे जायचं ते तिचं ती ठरवायची :)

नागोया_मिसळ
मी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ चालवतो, इथे तिला युनोस रोडस्टर म्हणतात. १९८९ ची गाडी म्हटलं की मला अजून नवीच वाटते, पण तिलाही आता पस्तीस वर्षं होऊन गेली.

जपानमध्ये एक गोष्ट चांगली होते आहे. कंपन्या स्वतःच जुन्या गाड्यांचे पार्ट पुन्हा काढू लागल्यात. माझदाने रोडस्टरसाठी सुरू केलं. निस्सानने २०१७ च्या शेवटी आर३२ जीटी-आरपासून सुरुवात केली. टोयोटाने तर एई८६ साठी स्टिअरिंगचे नकल आर्म (चाक वळवणारे हात) पुन्हा बाजारात आणले. स्टिअरिंगचा, जिवाशी थेट संबंध असलेला पार्ट खुद्द कंपनीकडून येणं मोठी गोष्ट आहे. अर्थात सगळे पार्ट येत नाहीत, आणि येतात ते स्वस्त नसतात.

माझ्या रोडस्टरचा पॉवर रॅक मी 'डी-पॉवर' करून घेतला, म्हणजे तेलाच्या दाबाची मदत काढून टाकली. पुष्कळ लोक फक्त पंप काढून रॅकच्या दोन नळ्या एकमेकांना जोडतात. तेल आतल्या आत ढकललं जात राहतं आणि स्टिअरिंग चिकट लागतं. नीट करायचं तर रॅक पूर्ण उघडून पट्टीवरच्या पिस्टनचं सील काढायचं आणि ग्रीस भरायचं. पॉवर रॅकच्या पिनियनमध्ये एक टॉर्शन बार (पिळला जाणारा बारीक दांडा) असतो. तेलाचा दाब नसला की तो आधी पिळला जातो आणि मग चाकं वळतात, म्हणून मध्ये पोकळ वाटतं. तो घालवायला मी पिनियन वेल्ड करून घेतला. आता स्टिअरिंगमधून रस्त्यावरचा खडा न् खडा कळतो.

उद्यमनगरी
शेवटून दुसरं वाक्य वाचून चहा सांडला.

स्टिअरिंगच्या पार्टला वेल्डिंग? नागोयाकर, राग मानू नका, पण आमच्याकडे हे कुणी आणून दिलं तर आम्ही हात लावत नाही. पिनियनचे दात कडक केलेले असतात. शेजारी वेल्डिंगची उष्णता गेली की एकतर कडकपणा उतरतो, नाहीतर वेल्डच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो. वरून दिसत काहीच नाही. तुटायचं तेव्हा एकदम तुटतं, आणि बरोबर वळणावर तुटतं, कारण जोर तिथेच येतो.

नागोया_मिसळ
रागावत नाही, मुद्दा रास्त आहे. पण वेल्ड दातांवर नाही, वर व्हाल्व्हच्या भागात आहे. टिग वेल्डिंगने छोटे टाके, प्रत्येक टाक्यानंतर थंड करत, आणि खालचा भाग ओल्या कपड्यात. ज्याने केलं तो ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांचे असे रॅक नेहमी करतो. शिवाय टॉर्शन बारचा पिळ एका मर्यादेपर्यंतच जातो, त्यापुढे धातूला धातू लागतो. समजा टाका सुटलाच, तर पुन्हा पोकळपणा येईल, स्टिअरिंग हातात येणार नाही.

उद्यमनगरी
धातूला धातू लागतो हा मुद्दा मान्य, तेवढा धोका कमी झाला. तरी मी करणार नाही. मॅन्युअल रॅक मिळतो ना त्या गाडीचा? तो शोधा.

नागोया_मिसळ
मिळतो, पण त्याची चाल संथ आहे. मला पॉवर रॅकची चपळ चाल हवी होती. इथे आपलं जमणार नाही, सोडून देऊ.

कराडची_लेक
पुरुषमंडळी रॅकवर एवढी तुटून पडलीत की किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) कुणाला आठवलीच नाही. एमजीबीला पुढे बॉल जॉइंट नाहीत, किंगपिन आहेत. हो ना धागाकर्ते?

माझ्या वडिलांचं हायवेला ट्रकच्या किंगपिन-बुशचं वर्कशॉप होतं. दिवसभर तेच काम. ड्रायव्हर यायचा, 'स्टिअरिंग बॉक्स खराब झालाय' म्हणायचा. बाबा बॉक्सकडे बघायचेही नाहीत. पुढचं चाक जॅकवर घ्यायचे, वर-खाली धरून हलवायचे. मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवायचे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. फुकटात निदान.

किंगपिनचं काम दिसतं सोपं, पण त्यात खरी कारागिरी रीमरची, म्हणजे भोक आतून मापात कातणाऱ्या हत्याराची. बुश (पिनभोवतीची नळी) दाबून बसवलं की ते थोडं आवळतं, म्हणून बसवल्यानंतर आतून रीमर मारून मापात आणावं लागतं. आणि वरचं-खालचं बुश एका रेषेत यायला पाहिजे. दोन्ही वेगवेगळी रीम केली तर पिन जाते, पण तिरकी बसते. स्टिअरिंग दगडासारखं जड. धागाकर्ते, 'दंड भरून येतात' हे लक्षण इथूनही येऊ शकतं. कुणी नवी किंगपिन घातली असेल तर ती कुणी रीम केली ते विचारा.

आणि ग्रीस! बाबांचा नियम होता, चाक उचलल्याशिवाय ग्रीसगन लावायची नाही. गाडीचं वजन पिनवर असताना जिथे भार आहे तिथे ग्रीस शिरतच नाही, सोप्या बाजूने बाहेर येतं. वरून माणूस खूश, की बघा कसं भसाभसा ग्रीस आलं.

उद्यमनगरी
ताई, दंडवत. मी रॅकमध्ये अडकलो, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

कॉव्हेंट्रीकर
@कराडची_लेक, हो, किंगपिनच आहेत. दर ३,००० मैलांना ग्रीस करायला सांगतात. आधीच्या मालकाने केलं असेल असं निपलवरच्या रंगाच्या थरावरून तरी वाटत नाही. ब्रेक दाबून तपासतो या शनिवारी.

चाकोरीबाहेर
किंगपिनबरोबर कास्टरही, म्हणजे ती मागे किती कललेली आहे तो कोनही, बघा. एमजीबीचा कास्टर मूळचा सात अंश आहे, म्हणजे बराच. सरळ रस्त्यावर स्थिर राहावी म्हणून तसा दिलाय, पण उभ्या गाडीत वळवायला जड जाणारच. त्यात कुणी रुंद टायर आणि छोटं लाकडी स्टिअरिंग व्हील लावलं असेल तर बघायलाच नको. दंड भरून येण्याचं निम्मं उत्तर टायरच्या हवेत सापडेल कदाचित.

कॉव्हेंट्रीकर
छोटं लाकडी व्हील आहे. दिसायला फार सुंदर आहे, ते बदलणार नाही. पुढे चला.

लीड्सची_काकू
सगळ्या नवऱ्यांचं हेच.

टूलरूम_पिंपरी
उद्यमनगरींना एक विचारतो. ज्या गाडीचा नवा रॅक कुठेच मिळत नाही, तिथे पट्टी-पिनियन बनवायचे कसे? आमच्याकडे एक जण जुना पार्ट घेऊन आला, 'थ्रीडी स्कॅन करा आणि सीएनसीवर काढा' म्हणाला. त्याला वाटतं फोटोकॉपी आहे.

उद्यमनगरी
झिजलेला दात स्कॅन केला तर झिजलेलाच दात छापून मिळतो, आणि तोही नव्या स्टीलमध्ये! स्कॅन फक्त बाहेरच्या मापांना. दातांसाठी टोकाकडचे, न वापरलेले दात घ्या. त्यांच्यावरून मॉड्यूल (दाताच्या आकाराचं मिलिमीटरमधलं माप), आणि दातांचे कोन म्हणजे प्रेशर अँगल, हेलिक्स अँगल काढा. जुनी इंग्लिश गाडी असेल तर मॉड्यूलऐवजी डायमेट्रल पिचमध्ये (तेच माप, पण इंचातलं) विचार करा, नाहीतर आकडे कधीच पूर्णात येणार नाहीत आणि तुम्ही काट्यालाच दोष द्याल. पिनियनचे दात थोडेच असतात, त्यामुळे प्रोफाइल शिफ्ट (दाताचा आकार मुद्दाम बाहेर सरकवलेला) असण्याची शक्यता जास्त. ते पकडलं नाही तर दात मुळाशी बारीक होतात.

नंतर उष्णतोपचार. पट्टी इंडक्शनने कडक केली की ती वाकते. पुन्हा सरळ करताना तडा जाऊ शकतो, म्हणून सगळं झाल्यावर मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करायची. हा खर्च लोकांना टाळायचा असतो. स्टिअरिंगच्या कामात मी टाळत नाही.

आणखी एक. पॉवर रॅकच्या पट्टीला बूट फाटून गंज लागतो, खड्डे पडतात, सील टिकत नाही. मग लोक घासून पुन्हा हार्ड क्रोम करतात. करायला हरकत नाही, पण क्रोम झाल्यावर काही तासांच्या आत भट्टीत भाजायला हवं. प्लेटिंगच्या वेळी कडक स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो, तो बाहेर काढावा लागतो. नाहीतर पार्ट दिसायला आरशासारखा आणि आतून काचेसारखा.

टूलरूम_पिंपरी
प्रिंट काढून भिंतीवर लावतोय.

नियमावली
इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही. मला हा निर्णय पटत नाही. टाय रॉड एंडचं रबर फाटलंय हे वर्षातून एकदा तरी तिऱ्हाइताच्या नजरेला पडायचं, ते आता मालकाच्या प्रेमळ नजरेवर सोडलंय.

हिशेबी_रेडिंग
सक्ती नाही, बंदीही नाही. मी दरवर्षी स्वतःहून करून घेतो.

चिंचवड_विंटेज
आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, नंबरात 'व्हीए' असलेली. रोज वापरायला नाही, रॅली-प्रदर्शनापुरती. गाड्या कमी चालतात ते ठीक, पण उभ्या गाडीचं स्टिअरिंगही खराब होतं. रॅकमधलं तेल उतरतं, बूट कडक होऊन चिरतो, पावसाळ्यात आत ओल. मुंबईसारख्या दमट हवेत तर विचारूच नका. महिन्यातून एकदा गाडी रस्त्यावर काढून हळूहळू चाक दोन्ही टोकांपर्यंत न्या.

चाकोरीबाहेर
हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. गाडी जॅकवर असताना चाक गरागरा या टोकाकडून त्या टोकाला फिरवलं तर आतल्या तेलाच्या दाबाने बूट फुटतो.

शिवाय, एमजीबीच्या रॅकला ईपी ९० गिअर तेल सांगितलंय. गळतं म्हणून लोक जाड ग्रीस कोंबतात. ग्रीस एकदा बाजूला सरलं की दातांवर परत वाहून येत नाही.

कॉव्हेंट्रीकर
शनिवारी तपासणी झाली.

डावी किंगपिन खालून ढिली. ब्रेक दाबूनही प्ले तसाच, म्हणजे कराडच्या ताईंचे वडील बरोबर. उजवी ठीक. पत्नीला स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगून मी बॉनेटखाली बघत बसलो. कॉलम आणि रॅकमधला युनिव्हर्सल जॉइंट सरळ सरळ खडखडतोय, मधल्या प्लेचा मोठा हिस्सा तिथलाच. रॅक काढून काट्याने बघितला. टोकाकडे आकडा चढतो, पण फार नाही, आणि डॅम्परखाली एकही शिम नाही. उद्यमनगरींनी न बघता सांगितलं होतं.

पुढच्या टायरमध्ये हवाही कमी होती. @चाकोरीबाहेर, हसू नका.

तर ठरलं असं : किंगपिन दोन्ही बाजूंच्या, बुश एका रेषेत रीम करून देणाऱ्या माणसाकडून. युनिव्हर्सल जॉइंट नवा. रॅक मात्र एक्स्चेंजला देत नाही. माझ्याच हाउसिंगमध्ये पट्टी आणि पिनियन जोडीने नवी घालून, काट्यावरचे आकडे लिहून देणारा एक जण सापडलाय. वेळ बराच सांगितलाय. हिवाळ्यात गाडी तशीही उभीच असते.

हिशेबी_रेडिंग
नवा रॅक घेतला असता तर ढिली किंगपिन तशीच राहिली असती, एवढं मान्य करतो. त्याहून जास्त नाही.

कराडची_लेक
बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतात, रीमर मारणारा ॲडजस्टेबल रीमर वापरतो की पायलट (रेषेत धरणारा पुढचा दांडा) असलेला लांब? लांब वापरत असेल तरच द्या म्हणाले. आणि उजवी 'ठीक' म्हणून सोडू नका, दोन्ही एकदमच करताय ते बरं करताय.

चाकोरीबाहेर
जॉइंट नवा घालणार आहात तर रॅक परत बसवताना कॉलमशी रेष जुळवा. एमजीबीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये त्यासाठी टोकदार गेज आणि रॅकच्या ब्रॅकेटखालच्या शिम दिल्या आहेत. बहुतेक जण ते पान उलटतात आणि नवा जॉइंटही लवकर खातात. तुमच्या ब्रॅकेटखाली शिम निघाल्या असतील तर कुठल्या बाजूला किती होत्या ते लिहून ठेवलंय ना?

कॉव्हेंट्रीकर
फोटो काढलेत, शिम वेगवेगळ्या पिशव्यांत घालून नावं लिहिलीत. पण जुनी जुळणी बरोबर होती असं कोण सांगतो? गेज करून घ्यावे लागतील. @टूलरूम_पिंपरी, रेखाटन पाठवलं तर मापं बघून द्याल का?

टूलरूम_पिंपरी
पाठवा. पण इंचात असतील तर इंचातच पाठवा, मिलिमीटर करून देऊ नका.